भुयारी रेल्वे आणि ओट्यावरचा कारागीर

मुंबईच्या काळबादेवीखालून आता रेल्वे धावते. दि. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेट्रो-३ च्या शेवटच्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आरे ते कफ परेड हा ३३.५ कि.मी.चा सबंध मार्ग लोकांसाठी खुला झाला. एकूण २७ स्थानके, त्यांपैकी २६ जमिनीच्या पोटात. खर्च ३७ हजार कोटी रुपयांच्या वर गेला. आम्हा कापडवाल्यांना त्यातले एकच स्थानक जवळचे, ते काळबादेवी. मुळजी जेठा मार्केट, मंगलदास मार्केट, स्वदेशी मार्केट ही आमची सारी बाजारपेठ त्याच्याच आसपास आहे. धामणगावला विदर्भ एक्सप्रेस धरली, सकाळी सीएसएमटीला उतरले, की पुढचे स्थानक काळबादेवी. तिकीट १० रुपये.

व्यापारी बंधू विचारतात, यात आपला फायदा काय? मालाच्या हिशेबाने पाहिले तर काही नाही. कापडाच्या गाठी मेट्रोत बसत नाहीत. त्या हातगाडीवरून ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाणार, बिल्टी होणार आणि ट्रकने यवतमाळला येणार. आजवर हेच चालत आले व पुढेही हेच चालेल. बरे, सीएसएमटीहून मंगलदास मार्केट असे कितीसे लांब? इतके जिने उतरून पुन्हा चढण्यापेक्षा क्रॉफर्ड मार्केटवरून पायी गेलेले बरे. ही गाडी अंधेरी, सांताक्रूझच्या गिऱ्हाइकासाठी आहे. ते गिऱ्हाईक वाढेल, गाळ्यांचे भाव वाढतील, आणि त्याचा बोजा ठोक मालाच्या दरात आपल्यावर येऊन पडेल, एवढे मात्र नक्की.

तरीही या स्थानकाबद्दल येथे लिहिण्याचे कारण आहे. खोल स्थानक बांधणे म्हणजे केवळ खाली खोदणे नव्हे. पुण्याचे जिल्हा न्यायालयाचे स्थानक ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. ते सुमारे ३३ मीटर खोल आहे, म्हणजे दहा मजली इमारत जमिनीत उलटी रोवल्यासारखे. तेथे निदान वरती मोकळी जागा होती. काळबादेवी व गिरगाव येथे रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना शंभर वर्षांच्या इमारती, आणि त्यांत माणसे राहतात, धंदा करतात. त्यामुळे वरून मोठा खड्डा न घेता आतून थोडे थोडे खोदायचे, लगेच काँक्रीट फवारून छत धरायचे, मग पुढे सरकायचे, अशा पद्धतीने ही दोन स्थानके बांधली गेली. पण स्थानक कितीही खाली असले तरी माणसाला वर यावेच लागते. जिने, लिफ्ट, हवेचे मार्ग यांना वरती जागा लागते, आणि त्यासाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. रहिवाशांनी व दुकानदारांनी मोठा विरोध केला. शेवटी त्याच परिसरात नव्या इमारती बांधून पुनर्वसन करण्याचे मेट्रो कॉर्पोरेशनने ठरविले.

अशा पुनर्वसनात पहिला प्रश्न एकच असतो : कागद काय आहे? भाड्याची रसीद, विजेचे बिल, गुमास्ता, करारनामा. पागडीच्या जागेतला भाडेकरू मालक नसतो, पण त्याच्याजवळ बापजाद्यांपासूनच्या रसिदा असतात. त्या रसिदेच्या जोरावर तो सरकारी टेबलापुढे उभा राहू शकतो. जुन्या इमारतीत मात्र भाडेकरूशिवाय आणखीही माणसे असतात. पोटमाळ्यावर जरीकाम करणारा, जिन्याखाली बटणे-काजे करणारा, दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसणारा मास्टर. यांची नावे कोणत्याच कागदावर नसतात. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याची मोजणी होत नाही. इमारत पडली की तो आपले मशीन उचलतो आणि दुसरा ओटा शोधतो.

आता यवतमाळकडे या. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ कि.मी.चा मार्ग टप्प्याटप्प्याने होत आहे. दि. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्ध्याहून कळंबपर्यंतचा भाग सुरू झाला. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड. कापूस वाहण्यासाठी इंग्रजांच्या काळात घातलेली मूर्तिजापूरची ११३ कि.मी.ची शकुंतला बंद पडली, तिचे दुःख करीत बसलेल्या आमच्या जिल्ह्याला मोठी रेल्वे मिळते आहे, याचा आम्हाला आनंदच आहे. ती भुयारी नाही, शेतांतून व डोंगरांतून जाणारी आहे. परंतु स्थानक झाले की रस्ता रुंद होतो, रस्त्याकडेला मार्केट येते, जुने गाळे पाडून नवे उभे राहतात. काळबादेवीला उभा राहिलेला सवाल आमच्या गावांत त्याच क्रमाने येईल, फक्त आकार लहान असेल.

या बाबतीत कायदा आपल्या कारागिराला समजतो त्यापेक्षा अधिक देतो. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे केवळ जमीनमालक नव्हे. संपादनापूर्वी ३ वर्षे त्या क्षेत्रात काम करणारा व ज्याची मुख्य रोजी त्यामुळे बुडते असा कारागीरही त्यात येतो. कारागीर व छोटा दुकानदार यांना एकरकमी मदत देण्याची तरतूद असून ती किमान २५ हजार रुपये आहे. रेल्वे व मेट्रोचे कायदे सुरुवातीला यातून बाहेर होते. केंद्राच्या ऑगस्ट २०१५ च्या आदेशाने मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी त्यांनाही लागू झाल्या. २५ हजार ही काही मोठी रक्कम नाही, हे मान्य. पण एक नवे मशीन आणि दोन महिन्यांचे रेशन त्यात होते.

मात्र ही ३ वर्षे सिद्ध कशी करायची? येथेच आम्हा दुकानदारांचा संबंध येतो. आपण घरमालकाकडे रसीद मागतो; भाडे नियंत्रणाच्या १९९९ च्या कायद्याने ती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि करार लिहून नोंदविण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आहे. पण आपल्याच ओट्यावर पंधरा-वीस वर्षे बसलेल्या शिंप्याला आपण चिठ्ठीचा तुकडा देत नाही. हातावर पैसे ठेवतो, डोक्यात हिसाब ठेवतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : “कागद दिला तर उद्या हक्क सांगेल.” ही भीती अगदीच खोटी नाही. आपण स्वतः भाडेकरू असलो तर मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे हे आपलीच जागा जाण्याचे कारण ठरू शकते. म्हणून भाड्याची रसीद द्यायला कोणी धजत नाही.

पण बंधूंनो, कायदा त्या कारागिराकडे भाड्याची रसीद मागतच नाही. तो या जागी काम करीत होता एवढेच पाहतो. तेव्हा भाड्याची नको, कामाची पावती द्या. अमुक महिन्यात इतके नग शिवले, इतकी मजुरी दिली, दुकानाचा पत्ता, तारीख, सही. यातून जागेचा कसलाही हक्क निर्माण होत नाही, आणि तीन वर्षांत अशा छत्तीस पावत्या त्याच्या हाती राहतात. आमच्या दुकानात हे चालू आहे. शेजारी हसतात, हसू द्या. ज्या दीनमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत, सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत, दिला आहे, त्या दीनच्या व्यापाऱ्याने कागदाला घाबरावे हे आम्हाला पटत नाही. मशिदीच्या व दर्ग्याच्या गाळ्यांतून भाडे घेणाऱ्या कमिट्यांनाही हेच सांगणे आहे. तेथे तर कित्येक ठिकाणी वहीत आकडा आणि गाळेवाल्याच्या हातात काहीच नाही, असा प्रकार चालतो.

कारागीर बांधवांनीही दुकानदाराच्या मेहेरबानीवर बसू नये. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती मोफत आहे, तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. पिंजारी, शिंपी, रफूगर, लोहार, कोणीही करू शकतो. आधार कार्ड लागते, आणि धंद्याचा पत्ता म्हणून जेथे बसता तोच लिहा, घरचा नव्हे. मजुरीतली निम्मी तरी रक्कम बँकेच्या खात्यावर घ्या. पासबुकातील नोंद ही सर्वांत भक्कम पावती असते. मशीनच्या छापील पावत्यांची शाई वर्षभरात उडते, म्हणून त्यांची झेरॉक्स काढून ठेवा. हाताने लिहिलेली पावती दोन प्रतींत करावी, मूळ प्रत कारागिराकडे, कार्बनची दुकानात.