चला, चंदगडला जेवायला!



रविवारची सुट्टी मिळाली की आठ-दहा मोटारसायकली काढायच्या, एखाद्या तालुक्याच्या गावी जायचे, तिथल्या हॉटेलात पोटभर जेवायचे आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचे, ही रीत आता आपल्या वस्त्यांतही रुजली आहे. कोल्हापूरकडच्या तरुणांना चंदगडची ओढ जरा जास्त. वडीलधारी मंडळी मात्र कुरकुरतात, “घरात भाकरी नाही का? जेवायला म्हणून शंभर किलोमीटर पेट्रोल कशाला जाळायचे?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. गाडी हप्त्याची आणि पोट हातावरचे असलेल्या घरात पैशाचा हिशेब व्हायलाच हवा. पण हॉटेलात बसून जेवण्याचा आपला हिशेब नुसत्या पैशाचा नाही.

ही मंडळी जिथून निघतात त्या कोल्हापुरातच पाहा. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढायला लावले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा प्रश्न होता. महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजला. एका कप चहासाठी राजाला वाट वाकडी करावी लागली, असा तो काळ होता.

पुढे निपाणी लागते. तिथे एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली होती. आता त्याच गावात पोरे चहाला थांबतात, पण हे किती जणांना ठाऊक असते?

सहलीला तर बाबासाहेबही गेले होते. १९३४ साली चळवळीतले सुमारे तीस सहकारी त्यांच्यासोबत वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासात अंगावर धूळ बसली होती, म्हणून मंडळींनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला. शेवटी किल्ला पाहू दिला, तो आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. आणि पाळतीला हत्यारबंद शिपाई दिला. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरची ही गत! ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली आहे.

पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली असल्याचे स्पष्ट लिहिले गेले. १९५५ च्या कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, हॉटेलातली भांडी वापरण्याचा हक्कही दिला. कपबशीसुद्धा कायद्यात लिहावी लागली, यावरूनच दुखणे किती खोल होते ते कळावे.

म्हणून पोरांनो, जरूर जा. संकेश्वर, गडहिंग्लज, नेसरी करत चंदगड गाठा. १९५६ पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. ताम्रपर्णीचे खोरे, भाताची खाचरे, काजूच्या बागा डोळे भरून पाहा. उन्हाळ्यात गेलात तर ओल्या काजूची उसळ मिळते का ते विचारा. पावसाळ्यात इकडे पाऊस फार, रस्ते निसरडे. तेव्हा दिवाळीनंतरचे दिवस बरे.

मात्र काही पथ्ये पाळा. हेल्मेट चालवणाऱ्यालाही हवे आणि मागे बसणाऱ्यालाही. एका गाडीवर तिघे नकोत, शर्यत तर नकोच. पंचशीलातले पाचवे शील रस्त्यावरही लागू आहे. दारूला शिवायचे नाही. कमावता मुलगा घाटात पडला तर सारे घर पडते. आणि टेबल पुसणाऱ्या कामगाराला अरे-तुरे करू नका. अपमान काय असतो हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

कुठे आडनाव विचारून तोंड वाकडे झालेच, तर हात उगारू नका. तारीख, वेळ, हॉटेलाचे नाव लिहून घ्या आणि सगळे मिळून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. एकट्याचा शब्द पडतो. दहा जण सोबत असले की दहा साक्षीदार होतात.

आता एक मागणे. आपल्या घरांत अजून अशा आज्या आहेत, ज्यांनी लहानपणी हॉटेलाच्या पायरीखाली उभे राहून वेगळ्या कपात चहा घेतला आणि तो कप स्वतः विसळून ठेवला. आज त्या मोटारसायकलीवर बसू शकत नाहीत. पण एसटीत बसू शकतात. महिन्याच्या चार रविवारांपैकी एक त्यांना द्या. आई, बहीण, बायको यांनाही सोबत घ्या. त्यांच्या हातची भाकरी रोज खाता, एक दिवस त्यांना आयते ताट मिळू द्या. आजीला मधल्या टेबलाशी बसवा आणि काय खाणार ते तिलाच विचारा. मग पेट्रोल कशाला जाळले, असे ती विचारणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!