कुत्रीला दाई कशाला?

"गाईले पाहा लागते, म्हशीले पाहा लागते. कुत्रीले काय पाहाचं? थे आपली जनते कोठ्याच्या कोपऱ्यात." मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात, रामाकोना असो की लोधीखेडा, कुत्रीच्या बाळंतपणाचा विषय निघाला की हे उत्तर ठरलेलं. बोलणारा माणूस निर्दय नसतो. अडलेल्या गाईपाशी त्याने रात्र जागून काढलेली असते. त्याचं म्हणणं एवढंच की कोल्हीला, लांडगिणीला कोणी सुईण नसते. कुत्री त्यांच्याच कुळातली. तेव्हा माणसाने मध्ये पडू नये.

यातलं निम्मं मला मान्य आहे. गावठी कुत्री बहुतेक वेळा एकटीच सुखरूप मोकळी होते. पण रानात अडलेली कोल्ही पिल्लांसकट मरते आणि त्याची कुठे नोंद होत नाही. जगल्या-वाचलेल्यांकडे बोट दाखवून 'निसर्ग सांभाळतो' म्हणणं हा पुरावा नव्हे. शिवाय आता आपल्या अंगणात नुसती गावठी कुत्री राहिलेली नाही. नागपूरहून आणलेली पग असते, पामेरियन असते. पगचं रुंद डोकं आणि आखूड तोंड माणसाने निवडून निवडून घडवलं. ते डोकं आईच्या कटीत अडकतं तेव्हा निसर्गाच्या नावाने हात झटकता येत नाहीत.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट, आणि मला तो जास्त घातक वाटतो. "एक सुई टोचा, लगेच मोकळी होते." ही सुई म्हणजे ऑक्सिटोसिन. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून तिचा गैरवापर झाल्यामुळे ती खेड्यापाड्यांत सर्वांच्या ओळखीची. तिने गर्भाशय जोरात आकुंचन पावतं. पण पिल्लू आडवं असेल किंवा वाटेपेक्षा मोठं असेल, तर तो जोर जाणार कुठे? गर्भाशय फाटतं किंवा वार आधीच सुटून आतली पिल्लं गुदमरतात. तपासणी न करता, मात्रा न ठरवता ही सुई देणं म्हणजे दार बंद आहे की उघडं हे न बघता आतल्या माणसाला ढकलणं. वासरू ओढतात तसं पिल्लू ओढण्याचा उद्योगही याच पठडीतला. पिल्लाचे मागचे पाय आधी दिसले की लोक घाबरून ओढायला धावतात. कुत्रीची पुष्कळशी पिल्लं पायाकडूनच येतात आणि ते सर्वसामान्य समजलं जातं.

मग करायचं काय? आधी दिवस मोजायचे. पोळा झाला, पांढुर्ण्याची गोटमार झाली, की भादवा लागतो आणि कुत्र्यांचा माज सुरू होतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे आंबिया बहाराची संत्री तोडणीला येतात त्या कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत बागेतल्या कुत्र्या वितात. मिलनाचा दिवस माहीत असेल तर ५७-५८ व्या दिवसापासून दिवसातून दोन-तीनदा गुदद्वारात थर्मामीटर लावावा. टोकाला थोडं खोबरेल तेल पुरतं. एरवी १०१-१०२ अंश फॅरेनहाइट असलेलं तापमान ९९ च्या खाली उतरलं की बहुधा २४ तासांत वेणा सुरू होतात. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन रक्तातून घटतं, त्याची ही खूण. पोट किती उतरलं, दूध आलं का, यावरून अंदाज बांधण्यापेक्षा हा आकडा पुष्कळ भरवशाचा.

पुढचा टप्पा माणसाला बेचैन करतो. कुत्री खात नाही, धापा टाकते, थरथरते, पोतं नाहीतर कुटार उकरत बसते, कधी ओकते. हे ६ ते १२ तास, पहिलटकरणीत त्याहूनही जास्त वेळ चालतं. या वेळात तिला अंधारी, उबदार, वारा न लागणारी जागा आणि प्यायला पाणी द्यावं, आणि शेजारपाजाऱ्यांना लांब ठेवावं. बघ्यांची गर्दी झाली की घाबरून वेणा थांबतात.

मग ती उघड जोर करू लागते. पातळ पडद्याच्या पिशवीत गुंडाळलेलं ओलं पिल्लू बाहेर येतं. आई दातांनी पिशवी फाडते, नाळ तोडते आणि जिभेने इतकं जोरजोरात चाटते की बघणाऱ्याला तो धसमुसळेपणा वाटावा. त्या चाटण्यानेच पिल्लू पहिला श्वास घेतं. पहिलटकरणीला हे सुचलं नाही तर मिनिटभरात आपण पुढे व्हायचं. पडदा फाडावा, नाकातोंडातला चिकटा पुसावा, डोकं किंचित खाली धरून खरखरीत टॉवेलने अंग चोळावं. पिल्लू गरगर फिरवू नये. नाळ पोटापासून बोटभर अंतरावर उकळलेल्या दोऱ्याने बांधून पलीकडे कापावी. किती पिल्लं झाली आणि किती वारा पडल्या, हे मोजत राहावं.

बाकी हात मागे आणि नजर घड्याळावर. अर्धा तास सतत जोर करूनही पिल्लू येत नसेल, आत पिल्लं असताना २ तास काहीच हालचाल नसेल किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा-काळा स्राव दिसला असेल, तर घरगुती उपाय तिथेच थांबवावेत. पिल्लू झाल्यावर दिसणारा हिरवा रंग साधा असतो. पहिल्या पिल्लाच्या आधी तो दिसला तर आत वार सुटली, असं समजावं. मिलनाला ६८ दिवस उलटूनही वेणा नसतील तरी तपासणी हवीच. २०२३ पासून मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फिरतं पशुचिकित्सा पथक बोलावता येतं. शस्त्रक्रियेची पाळी आली तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तो रस्ता दीड-दोन तासांचा. म्हणून गाडीची आणि डॉक्टरांच्या नंबरची सोय दिवस भरायच्या आधीच करून ठेवावी.

"गाभण आहे, कॅल्शियम पाजा," हा सल्लाही मी खोडून काढतो. गाभणपणात वरून कॅल्शियम देत राहिलं की हाडांतून ते सोडवून घेण्याची शरीराची सवय मोडते. मग दूध भरात आलं की रक्तातलं कॅल्शियम अचानक घटतं. कुत्री ताठरते, थरथरते, झटके येऊन मरूही शकते. गाईच्या मिल्क फिव्हरचं हे भावंडच. गाभणीला पोटभर सकस अन्न लागतं, बाटली नव्हे.

थंडीचं मात्र कितीही सांगितलं तरी थोडंच. नवजात पिल्लाला कुडकुडून अंग गरम करता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब, मग दूध. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी. वासराला चीक पाजायला आपण विसरत नाही. पिल्लालाही पहिल्या काही तासांत आईचा चीक मिळायला हवा. गाईचं दूध आईच्या दुधाची जागा घेत नाही, कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं त्याच्या दुपटीच्या आसपास असतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते, ही समजूतही टिकत नाही. ओळखीच्या माणसाने रोज पिल्लांचं वजन केलं तरी आई त्यांना पाजते. अनोळखी कुत्रीच्या पिल्लांना हात लावू नये हे बरोबर, पण त्याचं कारण ती चावेल हे आहे.

शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार: "आधीच गावात कुत्री उदंड, त्यात आणखी वाचवायची?" कुत्री वाढू नयेत हे मलाही पटतं. पण बाळंतपणात कुत्री मेल्याने गावातली कुत्री कमी होत नाहीत. पुढच्या भादव्यात दुसरी गाभण राहते. पिल्लं पोत्यात भरून गावकुसाबाहेर सोडणं हा तर गुन्हाच, आणि दूध साचून आईची सडं सुजतात ते वेगळंच. संख्या घटते ती नसबंदीने, आणि २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही हाच मार्ग सांगतात. ज्या घराने बाळंतपण सांभाळलं त्याच घराच्या हाकेला ती कुत्री येते, त्यांनाच ती धरू देते. पिल्लं दोन महिन्यांची होऊन दूध आटलं की पुढचा भादवा लागायच्या आत तिची नसबंदी करून घ्यावी आणि तिच्या मादी पिल्लांचीही सहा महिन्यांच्या सुमारास.