मामांची मान आणि आठातला एक

मागच्या दिवाळीत शिंदखेड्याला गेलो तेव्हा मामांनी तोंड उघडून जिभेच्या कडेची जखम दाखवली. दोन महिने भरत नव्हती. मामा चाळीस वर्षं तंबाखू-चुना मळतात, त्यामुळे आश्चर्य कुणालाच वाटलं नाही, भीती मात्र सगळ्यांना वाटली. "तुकडा काढा का पसरस," असं शेजारच्या आजींनी बजावलं होतं. तरी तुकडा काढला. कॅन्सरच निघाला, पण लहान, पहिल्या टप्प्यातला.

मग सल्ल्यांचा पाऊस! एक आतेभाऊ म्हणे इम्युनोथेरपीच करा, सुरतचे व्याही म्हणे रोबोट. सगळ्यांना एकच हवं होतं, लेटेस्ट. आता लेटेस्ट व्हर्जन किती भरवशाचं असतं हे सॉफ्टवेअरवाल्याला विचारा! पण खरं सांगतो, मीही दोन रात्री गूगलवर तेच शोधत बसलो होतो.

वास्तविक इम्युनोथेरपी चांगलीच आहे, फक्त ती कुणाला ते बघायला हवं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी, ऑपरेशनने बरे होणार नाहीत अशा डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांना नेहमीच्या तोंडी औषधांसोबत निवोलुमॅब दिलं, तेही तीन आठवड्यांतून फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस २४० च्या घरात असतो. वर्षभराने जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. खर्च परवडत नाही म्हणून औषध सोडणाऱ्या आपल्या लोकांसाठी ही केवढी मोठी गोष्ट! पण मामांच्या लहान गाठीला पहिला उपाय ऑपरेशन हाच होता.

मुंबईच्या सर्जननी सांगितलं, जिभेचा तो भाग काढू आणि त्याच बाजूच्या मानेतल्या गाठीही काढू. मामा बिथरले. "जखम जिभवर शे, मंग मान कशाले कापतस?" सोनोग्राफीत मान साफ होती. प्रश्न बिनतोड होता. उत्तर मिळालं, "प्रोटोकॉल आहे." माझा राग आहे तो या उत्तरावर. कारण खरं उत्तर अस्तित्वात आहे, आणि तेही परळमध्येच तयार झालेलं आहे.

टाटा मेमोरियलने नेमका हाच प्रश्न घेतला होता. तोंडाचा लहान कॅन्सर, मानेत हाताला गाठ नाही. निम्म्या रुग्णांच्या मानेतल्या गाठी लगेच काढल्या, उरलेल्यांच्या गाठ उठली तरच. पहिल्या ५०० जणांचे निकाल २०१५ साली आले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५. कारण लगेच काढलेल्यांपैकी तीसेक टक्के लोकांच्या गाठींत रोग आधीच शिरलेला होता, वरून दिसत नव्हता इतकंच.

ओट्यावर बसून मी मामांना हिशोब सांगितला. साडेबारा टक्के, म्हणजे आठ जणांची मान उघडली तर एक जीव जास्त वाचतो.

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बाकीना सात जनस्नं काय?"

सातवी शिकलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न मला दोन रात्रींत सुचला नव्हता. बाकीच्यांना फायदा नसतो, आणि खांदा मात्र दुखू शकतो, कारण खांदा उचलणारी नस त्याच भागातून जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नाही. कोण आठवा ते आधी कळत नाही, हेही सांगितलं. रात्री जेवताना मामांनी होकार दिला. (मामींनी तो दुपारीच देऊन टाकला होता, असो.)

जानेवारीत ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये मानेतल्या सगळ्या गाठी साफ निघाल्या. "म्हंजे मी सातमाच!" मामा हसले. बोलणं थोडं बोबडं झालंय, आणि फवारणीचा पंप पाठीवर चढवताना डावा खांदा दुखतो. अंगणातल्या निंबाला दोरी बांधून रोज सकाळी हात ओढत बसतात. तंबाखू बंद आहे, असं मामी म्हणतात.