विश्लेषण : डाग कशाचा, हे लेझर कसे ओळखतो?

गुन्ह्याच्या ठिकाणी सापडलेल्या डागाबाबत तपासात दोन प्रश्न असतात : तो कोणाचा आणि कशाचा? पहिल्याचे उत्तर डीएनए देतो, दुसऱ्याचे देत नाही. कपड्यावर आरोपीचा डीएनए मिळाला, तरी तो घामातून आला की वीर्यातून, यावर लैंगिक अत्याचाराच्या खटल्याची दिशा बदलू शकते.

सध्याच्या चाचण्यांत अडचण काय?

रक्त, वीर्य, लाळ यांच्यासाठी वेगवेगळ्या रासायनिक चाचण्या आहेत. त्यांत नमुन्याचा काही भाग खर्ची पडतो. डागच टाचणीच्या टोकाएवढा असेल, तर डीएनएसाठी उरणार काय? शिवाय प्राथमिक चाचण्या फसवतातही. ल्युमिनॉल रक्तावर निळसर चमकते, तसे ते ब्लीचवरही चमकते.

रामन पद्धत कशी चालते?

लेझरचा झोत पदार्थावर पडला की विखुरलेला बहुतांश प्रकाश मूळ तरंगलांबीचाच राहतो. अत्यल्प प्रकाशाची तरंगलांबी मात्र रेणूंच्या कंपनांमुळे बदलते. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेला परिणाम तो हाच. बदललेल्या प्रकाशाचा वर्णपट हा त्या पदार्थाचा जणू ठसाच. रक्तात हिमोग्लोबिनच्या, तर वीर्यात स्पर्मिनच्या खुणा दिसतात. संगणक त्या ज्ञात नमुन्यांशी ताडून पाहतो. नमुना जागेवरच राहतो व पुढे डीएनए चाचणीला जाऊ शकतो. अमेरिकेतील अल्बनी विद्यापीठात इगोर लेडनेव्ह यांच्या गटाने यावर बरेच संशोधन केले आहे.

मर्यादा कोणत्या?

रंगीत कापड लेझरखाली स्वतःच प्रकाश फेकते आणि मूळ क्षीण संकेत त्यात बुडतो. लेझर प्रखर असल्यास वाळलेले गडद रक्त करपू शकते. दोन द्रव मिसळले असतील, तर ओळख आणखी अवघड.

आता हे महत्त्वाचे का?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. त्यामुळे जागच्या जागी उत्तर देणाऱ्या उपकरणांचा मोह वाढणार. मात्र आधी आपल्याकडील उष्मा, दमट हवा, रंगीत सुती कपडे आणि पानाच्या पिचकाऱ्या यांच्यावर ही पद्धत तपासून चुकीचे प्रमाण जाहीर व्हायला हवे. अन्यथा बचाव पक्षाच्या पहिल्याच प्रश्नात हा पुरावा कोसळेल आणि त्याची किंमत पीडितेला किंवा एखाद्या निरपराध आरोपीला मोजावी लागेल.