फासे कुणाच्या हातात?



"बाबा, पण मी चीटिंग केलं नव्हतं!" माझी सोळा वर्षांची मुलगी अगदी रडवेली होऊन सांगत होती.

गेलं वर्षभर ती ऑनलाइन एक रोलप्लेइंग गेम चालवते आहे. वेगवेगळ्या राज्यांतली पंधरा-वीस मुलं त्यात आहेत. प्रत्येकाचं एक पात्र असतं, त्या पात्राचं बोलणं-वागणं ज्याचं त्याने लिहायचं, आणि पुढे काय घडलं ते गेम मास्टरने ठरवायचं. गेम मास्टर म्हणजे माझी मुलगी. पण त्याच जगात तिचं स्वतःचंही एक पात्र होतं, एक सेनापती. या सेनापतीने एक शहर जिंकलं. ते शहर दुसऱ्या एका मुलीने सात महिने खपून उभं केलं होतं. वेढ्याचे फासे टाकले माझ्या मुलीने, आकडाही पाहिला तिनेच. "तुझा सेनापती कधी हरतो का?" अशा अर्थाची एक ओळ लिहून ती दुसरी मुलगी गेम सोडून गेली.

हा पोरखेळ आहे, असं कुणी म्हणेल. मला मात्र तो नागरिकशास्त्राचा धडा वाटला. ज्याच्या हाती नियम, त्याने स्वतः खेळावं का?

आपल्यापैकी काहींना लगेच नाटकातला सूत्रधार आठवेल. तोही नाटक पुढे नेतो आणि मधूनच एखादी भूमिका करतो, त्यात काय बिघडलं? पण नाटकात कुणी जिंकत-हरत नसतं, आणि शेवट आधीच लिहिलेला असतो. इथे शेवट कुणालाच माहीत नसतो, आणि प्रत्येकाने आपला वेळ आणि जीव त्यात ओतलेला असतो.

टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या 'अल्टिमा ऑनलाइन' या गेमचं उदाहरण घ्या. गेमचे जनक रिचर्ड गॅरियट स्वतः 'लॉर्ड ब्रिटिश' नावाचा राजा म्हणून त्या जगात वावरत. हे पात्र मरणार नाही अशी सोय केलेली होती. ऑगस्ट 1997 मध्ये, गेमची चाचणी चालू असताना, सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि ती सोय चालू करायची राहून गेली. रेन्झ नावाने खेळणाऱ्या एकाने राजाला जाळून मारलं! पुढे रेन्झला गेममधून काढलं गेलं. कारण दिलं गेलं ते गेममधल्या त्रुटींचा गैरफायदा घेतल्याचं, राजहत्येचं नाही. कारण खरंही असेल. पण राजा आणि न्यायाधीश एकच असले की खऱ्या कारणावरही लोकांचा विश्वास बसत नाही.

मग सरळ बंदीच घालावी का? गेम मास्टरने फक्त पंच व्हावं, खेळूच नये? हे ऐकायला स्वच्छ वाटतं, पण मला पटत नाही. पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्कमध्ये पॅव्हेल कर्टिस यांनी 1990 मध्ये 'लॅम्डामू' नावाचं निव्वळ शब्दांचं जग सुरू केलं. तिथल्या व्यवस्थापकांना 'विझर्ड' म्हणत. भांडणं सोडवून थकलेल्या कर्टिस यांनी डिसेंबर 1992 मध्ये जाहीर केलं, की यापुढे विझर्ड फक्त तांत्रिक कामं पाहतील, समाजाचे प्रश्न समाजाने सोडवावेत. काही महिन्यांतच, 1993 मध्ये, एका पात्राने इतर पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केले. सभा झाली, तासन्‌तास चर्चा झाली, निर्णय झाला नाही. शेवटी एका विझर्डने एकट्यानेच ते पात्र नष्ट केलं. कर्टिस यांनी नंतर अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. पण 1996 मध्ये विझर्डांना मान्य करावं लागलं, की तांत्रिक आणि सामाजिक अशी रेघ त्यांना पाळता आलेली नाही.

सत्ता असलेल्याने "मी यात नाहीच" म्हटलं म्हणून सत्ता जात नाही, फक्त दिसेनाशी होते. शिवाय हे काम बहुतेक ठिकाणी हौसेने, बिनपैशाचं चालतं. ज्याला खेळायची आवड तोच ते करतो. त्याला खेळायला बंदी केली तर जो उरेल, त्याला खेळणाऱ्यांचं सुखदुःख कळणार कसं?

मग उपाय? तो या खेळाच्या जन्मातच आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे एक जनक गॅरी गायगॅक्स विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावी मित्रांबरोबर खेळत. त्यांना स्वतःचा जादूगार मॉर्डेनकायनेन खेळवायचा असे, तेव्हा गेम मास्टरच्या खुर्चीत रॉब कुंट्झ बसत. खुर्ची सोडायची आणि मग खेळायचं, इतकं साधं.

मोठ्या गेमना ही अक्कल ठेच लागल्यावर आली. आइसलंडच्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये, कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने स्वतःच्या गटाला मौल्यवान जहाजांचे आराखडे दिल्याचं 2007 मध्ये उघड झालं. कंपनीने कर्मचाऱ्यांचं खेळणं बंद केलं नाही. त्यांच्यावर लक्ष ठेवणारा वेगळा विभाग केला, आणि 2008 मध्ये खेळाडूंनी निवडून दिलेलं मंडळ आणलं.

आणि आपलं गल्ली क्रिकेट आठवा! अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचाच पोरगा असायचा. म्हणून तर गल्लीत एलबीडब्ल्यू नसायचं. जिथे नुसत्या मतावर आउट द्यावं लागेल तो नियमच आपण काढून टाकला होता. कसोटी क्रिकेटला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागला. 1986 मध्ये पाकिस्तान आणि वेस्ट इंडिजच्या लाहोर कसोटीत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे भारतीय पंच उभे राहिले, तेही पाकिस्तानचाच कर्णधार इम्रान खान याच्या आग्रहावरून. घरचे पंच ज्याच्या सोयीचे, त्यानेच ते नाकारले.

तेव्हा माझं मत असं. गेम मास्टरने जरूर खेळावं, पण तीन अटींवर. एक, कुठलं पात्र त्याचं आहे हे सर्वांना माहीत असावं. दोन, त्याच्या पात्राचा फायदा-तोटा होणार असेल तिथे निर्णय दुसऱ्याने द्यावा. तीन, फासे सर्वांसमोर पडावेत; तसे प्रोग्राम आज फुकट मिळतात. स्वतःच्या खटल्यात कुणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व जेम्स मॅडिसन यांनी 1787 मध्ये या देशाच्या राज्यघटनेची बाजू मांडताना सांगितलं होतं. नागरिकत्वाची शपथ घेताना आपण त्या घटनेशी निष्ठा वाहिली. मुलांना ती पुस्तकातून शिकवण्यापेक्षा अशा वेळी शिकवणं सोपं जातं.

मुलीला मी म्हणालो, "तू चीटिंग केलं नाहीस, हे मला मान्य आहे. पण ते तिला कळायला तू काही मार्ग ठेवला होतास का?" ती बराच वेळ गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना लिहिलं, की वेढा रद्द, आणि यापुढे सेनापतीच्या लढायांचे फासे दुसरा एक मुलगा टाकेल. पहिल्याच लढाईत सेनापती सपाटून हरला. ती मैत्रीण अजून परत आलेली नाही. तिचं शहर मात्र मुलीने तसंच राखून ठेवलं आहे.

तुमच्या घरी असे गेम मास्टर असतील तर त्यांचं म्हणणंही जरूर कळवा.