नाका नको, नियमही नकोत

ब्रिटन स्वतंत्र झाला म्हणून युरोपने त्याच्यावर कसा सूड उगवला, या विषयावर एका अर्थपंडितांचा लेख नुकताच वाचनात आला. लेख लांबलचक आहे, मुद्दे मात्र मोजकेच. ब्रिटिश जनतेने २०१६ साली स्वाभिमानाने युरोपीय महासंघाला रामराम ठोकला. ते ब्रसेल्सच्या बाबूंना झोंबलं. मग त्यांनी उत्तर आयर्लंडला ओलीस धरलं आणि एकाच देशाच्या दोन भागांमध्ये, चक्क समुद्रात, सीमा आखली. खरं तर कॅमेरे आणि संगणक यांच्या जोरावर सगळं सहज जमलं असतं, पण आयर्लंडचे पंतप्रधान हट्टाला पेटले. जेमतेम १९ लाख वस्तीच्या प्रांतापायी अख्ख्या ब्रिटनचा व्यापार वेठीला धरला गेला. तात्पर्य, भारताने धडा घ्यावा आणि परक्यांच्या नियमांना भीक घालू नये. शेवटी एक टाळीचं वाक्यही आहे. ते इथे देत नाही. टाळ्या त्यांच्या त्यांना लखलाभ.

सूडाची कथा आधी घेऊ, कारण बाकीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि महासंघातलं आयर्लंड यांच्यामधली, आयर्लंड बेटावरची सीमा जवळपास ५०० किलोमीटर लांब आहे आणि ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून अधिक. उत्तरेतल्या न्यूरीहून दक्षिणेतल्या डंडॉककडे निघालं तर सीमा आल्याचं कळतं ते वेगमर्यादेच्या पाटीवरून. मैल जाऊन किलोमीटर येतात, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते, संपलं. फाटक नाही, शिपाई नाही. उत्तरेच्या गोठ्यांतलं सुमारे एक तृतीयांश दूध याच रस्त्यांनी दक्षिणेतल्या कारखान्यांत जातं. हे सुख आकाशातून पडलेलं नाही. सीमाशुल्काची ठाणी गेली ती १ जानेवारी १९९३ रोजी, म्हणजे युरोपची एकल बाजारपेठ सुरू झाली त्या दिवशी. लष्कराचे बुरूज आणि चौक्या गेल्या १९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर. त्याआधीच्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांवर माणसं मेली होती. सीमेवर पुन्हा ठाणं उभारलं, तर ठाण्याला रखवालदार लागेल, रखवालदाराला पोलीस लागेल आणि पोलिसाला सैनिक, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

मग ब्रिटनने ठरवलं की एकल बाजारपेठही नको आणि सीमाशुल्क संघही नको. हक्क त्यांचा. पण दोन वेगळ्या कायद्यांचे मुलूख जिथे भिडतात, तिथे कोणीतरी मालाचे कागद बघणार, मांसाच्या खोक्यावरचा पशुवैद्याचा दाखला तपासणार. ते जमिनीवर करा, नाहीतर बंदरात करा. टेरेसा मे यांनी मधली वाट शोधून पाहिली. दुसरा तोडगा निघेपर्यंत सगळा ब्रिटनच सीमाशुल्कापुरता युरोपशी बांधलेला राहील, अशी. १५ जानेवारी २०१९ रोजी ब्रिटिश संसदेत त्यांच्या कराराच्या बाजूने २०२ मतं पडली आणि विरुद्ध ४३२. पुढे आणखी दोनदा तो फेटाळला गेला. त्या मतदानात ब्रसेल्सचा एकही बाबू नव्हता.

आता बोरिस जॉन्सन यांची कामगिरी पाहा. आमच्या पंडितांनी ती सोयीस्करपणे गाळली आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये हे गृहस्थ बेलफास्टला डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात उभे राहिले आणि ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये तपासणी आणणाऱ्या करारावर हुजूर पक्षाचं कोणतंही सरकार सही करू शकत नाही, करता कामा नये, असं ठणकावून आले. वर्षही झालं नव्हतं. ऑक्टोबर २०१९मध्ये, आता पंतप्रधान म्हणून, लिव्हरपूलजवळच्या एका हवेलीत (लग्नसमारंभांना भाड्याने मिळते म्हणे) ते आयर्लंडच्या पंतप्रधानांना भेटले आणि आठवड्याभरात नेमक्या तशाच करारावर मोहोर उठली. नोव्हेंबरमध्ये उत्तर आयर्लंडच्या व्यापाऱ्यांना त्यांनी सांगितलं की कोणी फॉर्म भरायला सांगितलाच, तर तो केराच्या टोपलीत टाका. डिसेंबरमध्ये तोच करार ‘तयार आहे, फक्त ओव्हनमध्ये सरकवायचा’ असा गाजवून ऐंशीचं बहुमत मिळवलं. करारातली उत्तर आयर्लंडची व्यवस्था अमलात यायला जेमतेम चार महिने उरले असताना, सप्टेंबर २०२०मध्ये, त्यातली कलमं मोडायची मुभा स्वतःच स्वतःला देणारं विधेयक आणलं. आणि याने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होतो, पण मर्यादित, असं त्यांच्याच मंत्र्याने संसदेत उभं राहून कबूल केलं. ती कलमं मागे घेतली. जून २०२२मध्ये आणखी एक विधेयक आलं. ते पुढे बासनात गेलं.

याला सूड म्हणायचं असेल, तर तो कोणी कोणावर उगवला? बेलफास्टच्या ज्या लोकांनी टाळ्या वाजवून जॉन्सन यांचं भाषण ऐकलं, त्यांच्यावर उगवला, असं म्हणता येईल. युनियनिस्टांचा संताप मला समजतो. आपण ब्रिटिश आहोत यावर ज्यांची सगळी ओळख उभी, त्यांना उत्तर आयर्लंडमधल्या लार्नच्या बंदरावर ब्रिटनहून आलेला ट्रक परदेशी मालासारखा तपासला जाताना बघावा लागला. स्कॉटलंडहून बियाण्याचे बटाटे येणंही बंद पडलं. एप्रिल २०२१मध्ये बेलफास्टमध्ये बस जाळली गेली ती याच धगीत. पण सही लंडनने केली होती, तीही वाचून.

युरोपही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. २९ जानेवारी २०२१ रोजी लशींच्या भांडणात युरोपीय आयोगाने करारातलं आपत्कालीन कलम वापरायचा घाट घातला आणि काही तासांत, तोंड भाजल्यावर, मागे घेतला. हा मूर्खपणाच. मौज अशी की पंडितांच्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. तिथे हॅम सँडविचवर दीड परिच्छेद खर्ची पडला आहे.

होय, सँडविच. जानेवारी २०२१मध्ये नेदरलँड्सच्या बंदरावर ब्रिटिश ट्रकचालकांच्या डब्यातली सँडविचं जप्त झाली. आतलं मांस काढून घ्या, पाव तेवढा परत द्या, असंही चालेना. हा पंडितांच्या मते क्रौर्याचा कळस. महासंघाबाहेरच्या बहुतेक देशांतून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दूध आणायला तिथे आधीपासूनच बंदी होती. ब्रिटन बाहेरचा झाला, त्याला ती लागू झाली, इतकंच. पुढे युरोपात लाळ्या-खुरकूत पसरली तेव्हा १२ एप्रिल २०२५पासून ब्रिटननेही युरोपातून येणाऱ्या प्रवाशांच्या पिशवीतलं मांस, चीज आणि सँडविच अडवायला सुरुवात केली. तो सूड नव्हता, खबरदारी होती. लंडनने केली की खबरदारी!

कॅमेऱ्यांच्या जादूबद्दल एवढंच की नॉर्वे आणि स्वीडन यांच्याइतके श्रीमंत आणि एकमेकांवर विश्वास असलेले शेजारी शोधून सापडणार नाहीत, नॉर्वे एकल बाजारपेठेतही आहे, तरी त्यांच्या सीमेवर स्विनेसुंडला मालट्रक सीमाशुल्कासाठी थांबतात. एकोणीस लाख वस्तीच्या प्रांताने व्यापार वेठीला धरला म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की त्या प्रांतातल्या ५५.८ टक्के मतदारांनी महासंघातच राहायला कौल दिला होता. आणि तेव्हाचे हट्टी आयरिश पंतप्रधान म्हणजे लिओ वराडकर, ज्यांच्या घराण्याचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१९च्या डिसेंबरात ते गावी आले, तेव्हा आपल्याकडच्या याच मंडळींनी ‘मराठी माणूस युरोपात’ म्हणून हार घातले होते. आता तोच माणूस खलनायक! त्यांनी आपल्या देशाच्या सीमेवर ठाणं नको म्हटलं, यात हट्ट कुठला?

हा वाद मला नवा नाही. मुंबईत जकात होती तेव्हा मुलुंडच्या नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगांवर अशीच हमरीतुमरी चालायची. एक पक्ष म्हणे, नाके हटवा. त्यातलेच काही पुढच्या श्वासाला म्हणत, पण राज्यांच्या आणि पालिकांच्या कर लावण्याच्या अधिकाराला हात लावू नका. नाके गेले १ जुलै २०१७ला, जीएसटी लागू झाला तेव्हा, आणि ते कोणा संगणकाने हटवले नाहीत. राज्यांनी कराचे अधिकार एका परिषदेत आणून ठेवले, भांडत, कुरकुरत, भरपाईची हमी घेऊन. त्या वेळी मी जे म्हणत होतो, तेच आजही म्हणतो. ज्यांना रस्ता मोकळा हवा, त्यांनी नियम एकत्र बसून करावेत. ज्यांना नियम स्वतःचे हवेत, त्यांनी नाक्याचा खर्च जाहीरपणे आपल्या माथी घ्यावा.

माझी बाजू एवढीच आहे, आणि ब्रिटनही उशिरा का होईना तिकडेच सरकतो आहे. फेब्रुवारी २०२३च्या विंडसर आराखड्याने उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला हिरवी मार्गिका दिली, पुढे आयर्लंडमध्ये जाऊ शकणाऱ्याला लाल. दोन वर्षं ठप्प पडलेलं उत्तर आयर्लंडचं, स्टॉरमाँटचं सरकार फेब्रुवारी २०२४मध्ये पुन्हा बसलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या विधानसभेने या व्यवस्थेला ४८ विरुद्ध ३६ मतांनी मुदतवाढ दिली; युनियनिस्टांनी विरोधात मत दिलं, तो त्यांचा हक्क. मे २०२५मध्ये ब्रिटनने खाद्यपदार्थ, जनावरं आणि रोपं यांच्यापुरते युरोपचे नियम पाळण्याची तयारी दाखवली, म्हणजे लार्नला खोकी उघडण्याचं कारणच कमी व्हावं. जे नियम ठरवताना आता ब्रिटनचं मत नसेल, तेच नियम पाळायचे, ही त्यातली गोम आहे आणि ती मला मान्य आहे. महासंघात असताना ते मत होतं.

पंडितांचा दुसरा लेख येतोय असं कळतं. त्यात त्यांनी ब्रिटिश बाण्याचं वर्णन पुन्हा जरूर करावं, पण आधी एका ओळीत सांगावं: तपासणी लार्नला करायची, न्यूरीला करायची, की नियमच एक करायचे? ‘कुठेच नाही’ हे उत्तर चालणार नाही. ते जॉन्सन यांनी देऊन झालं आहे.