फुटलं? फेकू नका, थांबा!

कप फुटला की तुम्ही काय करता? तुकडे डस्टबिनमध्ये, नव्या सेटची ऑर्डर, विषय कट! मीही तेच करायचे. पण मागच्या वर्षी टोकियोत एका ‘किन्त्सुगी’ वर्कशॉपला गेले आणि फंडाच बदलला. ‘किन’ म्हणजे सोनं, ‘त्सुगी’ म्हणजे सांधणं. फुटलेलं भांडं जोडायचं, पण सांधा लपवायचा नाही. उलट त्यावर सोन्याची पूड लावून मिरवायचा. सही ना?

आमचं वर्कशॉप तासाभराचं. इपॉक्सी, पितळेची पूड, फोटो, टाटा! निघताना शिकवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, ‘यातून चहा पिऊ नका हं, हा फक्त शोपीस.’ हे मात्र जाम खटकलं. जोडला, पण वापरायचा नाही?

खऱ्या किन्त्सुगीत असते ‘उरुशी’. आपली लाख किड्यांपासून मिळते, ही झाडाच्या चिकापासून. 10-15 वर्षं वाढलेलं झाड हंगामात जेमतेम 200 ग्रॅम चीक देतं. तो गव्हाच्या पिठात कालवून तुकडे चिकटवायचे, उडालेले टवके लुकणासारखे भरायचे, घासायचे, मग उरुशीची बारीक रेघ आणि तिच्यावर सोनं. गंमत म्हणजे उरुशी उन्हात नाही, दमट हवेत वाळते. 70-80 टक्के आर्द्रता हवी. म्हणजे आपला पावसाळा एकदम परफेक्ट! पण सगळं मिळून एक ते तीन महिने सहज जातात. आणि सावधान, हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं. चीक लागला की अंगावर उततो. हातमोजे मस्ट.

माझा एक हिशेब बाकी होता. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा आईशी जोरदार वाजलं होतं. त्या भांडणात तिच्या लग्नातल्या टी-सेटचा शेवटचा कप माझ्या हातून फुटला. तिने मुकाट्याने तुकडे उचलले. यंदा विचारलं, तर ते वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर होते!

जूनमध्ये डोंबिवलीला, तिच्याच डायनिंग टेबलावर काम सुरू केलं. थर्माकोलच्या खोक्यात ओला नॅपकिन आणि कप. दर शनिवारी एक पायरी. एरवी महिन्यातून एकदा जाणारी मी दर आठवड्याला जायला लागले. सहाव्या शनिवारी आईने विचारलं, ‘लिहून भाडं सुटतं का गं तुझं?’ या विषयावर आम्ही पहिल्यांदाच आवाज न चढवता बोललो.

ऑगस्टअखेर कप तयार झाला. सोन्याची रेघ चांगलीच वाकडी. ‘सांधा दिसतोय गं,’ आई म्हणाली.

‘दिसू दे.’

तिने त्यातच चहा ओतला.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी तुकडे जपून ठेवा. जोडलेला कप मायक्रोवेव्हमध्ये तेवढा टाकू नका. आणि एका वीकेंडमध्ये उरकायचं असेल, तर सरळ नवा मग घ्या!